साडूभाऊंचं बसायचं यंत्र

साडूभाऊंना मी एकतीस वर्षं ओळखत होतो, असं म्हणायला हरकत नाही. खरं सांगायचं तर आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही एकमेकांचे साडू, एवढीच ती ओळख. घरात कुणाचं लग्न निघालं, कुणी दवाखान्यात पडलं, की आम्ही एका बाकावर शेजारी बसायचो. बसायचो म्हणजे मी बसायचो. ते पाच मिनिटांत उठून कुठलं दार कुरकुरतंय ते बघायला जायचे. त्यांना झोप नीट लागायची का, कशाची भीती वाटायची, माझ्याबद्दल त्यांचं मत काय होतं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. त्यांच्या पायाला लागलं, त्यानंतरचे काही महिने मी त्यांच्याबरोबर होतो. तेवढ्यापुरतं सांगू शकतो. त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, "काका, तुम्ही बरोबर होतात, तुम्हीच लिहून ठेवा," असं तीनदा सांगितलं, म्हणून हे लिहितो आहे. चुकलंमाकलं तिने सुधारावं.

त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणावाले, भाजीवाले, भंगारवाले, सोनार, सगळ्यांकडे त्यांचं जाणं. बाजारात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, 'काटेवाले' म्हणत. दुचाकीच्या मागे लोखंडी पेटी, पेटीत पितळी वजनं आपापल्या खाचांत बसवलेली, आणि वरच्या खिशात वीतभर लांबीचा ताणकाटा. दिसेल ती वस्तू त्या ताणकाट्याच्या आकड्याला अडकवून बघायची त्यांना खोडच होती. एकदा माझी छत्री अडकवली आणि म्हणाले, "साडू, मागच्या वर्षीपेक्षा हलकी भरली. काड्या गंजून झडल्यात." मला ते पुढच्या पावसात कळलं, भर रस्त्यात.

काही दुकानदार पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवतात. साडूभाऊ काटा उचलताक्षणी ओळखायचे. बोटाने तो तुकडा खरवडून काढायचा, स्वतःच्या खिशात टाकायचा आणि दुकानदाराला एवढंच सांगायचं, "साफ केलाय." ना आरडाओरडा, ना तक्रार. दुकानदार खाली मान घालून मजुरी द्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलवायचा. "जड-हलकं कळलं की माणसाला फसवता येत नाही," असं ते म्हणत. त्यांच्या सगळ्या शहाणपणाचा पाया तो होता.

साखरेचा आजार जुना. पायांची जाणीव हळूहळू गेली होती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस कुठल्याशा काट्याचा बारीक स्क्रू त्यांच्या बुटात पडला आणि डाव्या पायाच्या करंगळीखाली दिवसभर रुतत राहिला. सात दुकानं करून घरी आले, ताईने बूट उचलून ठेवला, तेव्हा तिच्या बोटांना रक्त लागलं. ताई म्हणजे त्यांची बायको. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणून मीही ताईच म्हणतो.

डॉक्टरांकडे मी होतो. डॉक्टर तरुण होते पण बोलायला स्पष्ट. म्हणाले, "तीन महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवलात तर जखम आत जाईल, हाडाला लागेल, मग पाय काढावा लागेल. गोळ्या मी देतो, पण खरं औषध बसणं आहे."

साडूभाऊंनी विचारलं, "टेकवायचा नाही म्हणजे किती किलोपर्यंत चालेल?"

"शून्य."

"शून्य कुठल्याच काट्यावर नसतं हो डॉक्टर. प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते."

"पायाला नसते," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं कार्ड हातात घेतलं.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ताईने कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारल्या. हे उठले की एक रेघ. दिवे लागायच्या वेळेला चौतीस झाल्या. कुबड्या कोपऱ्यात आणि हे दारात. नळाचं वायसर बदलायला उठले. शेजारच्यांचा टेम्पो कुठे लागलाय ते बघायला उठले. एकदा तर आपण किती वेळा उठलो त्या रेघा मोजायला उठले. ताई मला म्हणाली, "ह्यांना बांधून ठेवायची सोय असती तर मी दोरी आणली असती." ती हसत नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नकळत रस्ता दाखवला. त्या ताईकडे आपल्या जावयाचं गाऱ्हाणं सांगत होत्या. मुलगी-जावई वर्षभर त्यांच्याकडेच राहायला आलेले. "सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसतात ते दुपारपर्यंत हलत नाहीत. जेवायला हाका मारून माझा घसा बसतो. मुळं फुटलीत त्यांना खुर्चीत."

आतून साडूभाऊंचा आवाज आला, "किती वेळ म्हणालात?"

"चार-चार तास."

"अजिबात उठत नाहीत?"

"घर पडलं तरी उठायचे नाहीत."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा साडूभाऊ घरात नव्हते. वर होते. कुबड्यांवर सतरा पायऱ्या चढून गेले होते. मी वर गेलो तर जावईबापू कानांवर हेडफोन चढवून गेम खेळताहेत, आणि साडूभाऊ त्यांच्या मागे स्टुलावर, हातात घड्याळ. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर कुणीतरी मोटार पळवत होतं. जावयाला आम्ही दोघं खोलीत असल्याचा पत्ताच नव्हता. एक तास चाळीस मिनिटांनी त्यांनी मान वळवली आणि केवढ्याने तरी दचकले.

जिना उतरताना साडूभाऊ म्हणाले, "साडू, मला हे यंत्र पाहिजे."

"गेमचं?"

"बसायचं."

दुचाकी नाहीतरी तीन महिने चालवायची नव्हती. ती त्यांनी विकली आणि ठरवलं, तिचे जेवढे आले तेवढ्यातच यंत्र बसवायचं, वर एक दमडी नाही. भाचीने फोनवर सगळं समजावलं. ती दुसऱ्या शहरात असल्याच कामात आहे. मी शेजारी बसून टिपून घेत होतो. "बाबा, गेमसाठी सगळ्यात महत्त्वाचं ग्राफिक्स कार्ड. निम्म्याच्या आसपास पैसे त्यावर जाऊ देत. स्क्रीन साध्या मापाची घ्या, म्हणजे मधलं कार्डही पुरेल. प्रोसेसर मधला. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेऊ नका, दिव्यांनी गेम पळत नाही. आणि पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा, मी सांगते त्याच दोन कंपन्यांपैकी घ्या, तिथे काटकसर नको. एकाच दुकानातून एकाच दिवशी घ्या आणि गप घरी बसा."

ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही बरोबर जा. दुकानात त्यांना खुर्चीवर बसवा आणि एका फेरीत उरकून या. तुमचं ऐकतील ते." माझं कुणी ऐकत नाही हे ताईला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

कॉम्प्युटरची दुकानं एका चार मजली इमारतीत होती. लिफ्ट होती, पण तिच्यापुढे खोक्यांची रांग. पहिल्या दुकानात मी खुर्ची ओढून दिली. साडूभाऊ बसले, कार्ड हातात घेतलं, आणि खिशातून ताणकाटा काढून त्याच्या आकड्याला ते पिशवीसकट अडकवलं. काउंटरमागची मुलगी बघत राहिली.

"काका, हे कांदे नाहीत."

"कांद्यांनाही मी एवढाच वेळ देतो, बाळ. हे आठशे भरलं. ते दुसरं दे बघू."

"वजनावर काय आहे? आतली चिप बघायची असते."

"चिप मला दिसत नाही. वजन दिसतं. जड आहे म्हणजे आत तांबं आहे, तांबं आहे म्हणजे तापणार नाही. बरोबर?"

ती जरा विचारात पडली. "तसं अगदीच चूक नाही," ती म्हणाली. तिथेच घोटाळा झाला. त्या दिवसापासून साडूभाऊंना वाटलं, आपल्याला ह्या धंद्यातली किल्ली सापडली.

एका फेरीत उरकायचं काम सात फेऱ्यांवर गेलं. ह्या दुकानात कार्ड चांगलं पण मॉनिटरला स्टँड हलका. त्या दुकानात स्टँड भक्कम पण कॅबिनेटचा पत्रा अंगठ्याने दबतो. तिसऱ्यात सगळं जमलं, यादीवर पैसे मोजायला घेतले, तर मागे उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, हे उतरेल." लगेच नोटा परत खिशात. घरी आल्यावर पुन्हा नवी यादी. माझ्याकडे त्यांच्या अकरा याद्या आहेत. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि तिच्यापुढे वजन, ग्रॅममध्ये.

भाची फोनवर चिडायची. "बाबा, ह्यात कायम काहीतरी नवं येतच राहतं. कधी थांबणार आहात?"

"चांगलं मिळालं की."

"तुम्हाला घ्यायचं नाहीये. तुम्हाला हिंडायचंय."

मला वाटतं तिने नेमकं ओळखलं होतं. बसायचं यंत्र शोधण्याच्या निमित्ताने हा माणूस महिनाभर बाजारात उभा होता. दुकानात शिरताना कुबड्या दोन्ही काखांत असायच्या. दुसऱ्या दुकानापाशी एक माझ्या हातात यायची. तिसऱ्यापाशी दोन्ही. मी त्या घेऊन त्यांच्या मागे चालायचो, एखाद्या हमालासारखा.

सहाव्या फेरीला आम्ही तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरत होतो. ते पुढे, मी मागे. राखाडी फरशीच्या पायऱ्या होत्या. एका पायरीआड त्यांच्या डाव्या चपलेचा ओला ठसा उमटत होता. पाण्याचा नव्हता. मी थांबलो. दोन पायऱ्या उतरलो, पुन्हा ठसा. त्यांना काहीच कळत नव्हतं, ते मागे न बघता मला सांगत होते की पहिल्या मजल्यावरचा दाढीवाला उद्या नवा माल उघडणार आहे. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण ते इतके खुशीत होते, आणि मी त्यांना एकतीस वर्षांत कधी 'असं करू नका' म्हणालो नव्हतो. वाटलं, घरी गेल्यावर ताई बघेलच, ती बोलेल. आणि दुसऱ्या दिवशी सातवी फेरीही झाली. त्या वेळीही मी कुबड्या घेऊन मागेच होतो.

हे मी अजून ताईलाही सांगितलेलं नाही. भाची वाचेल तेव्हा तिला कळेल.

ताईने बघितलं ते तिसऱ्या दिवशी, ताप चढल्यावर. डॉक्टरांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. जखम अजून उघडी होती. ते म्हणाले, "हाडापर्यंत गेलं होतं. आता जेवढा उरलाय तेवढा वाचवायचा. ह्यापुढे एकदाही टेकवलात तर मी बोटांची गोष्ट करणार नाही, घोट्याची करीन."

साडूभाऊ खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "साडू, आता तुम्हीच जाऊन घ्या. अकरावी यादी. सगळं तिसऱ्या दुकानातून. फक्त पॉवर सप्लाय खालच्या दाढीवाल्याकडून, त्याच्याकडे दोन-तीन कंपन्यांचे आहेत, आणि स्वस्तही देतो. हा घ्या." खिशातला ताणकाटा त्यांनी माझ्या हातात दिला. आजवर तो दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाहिला नव्हता. "उचलून बघा. जड असेल तो घ्या."

"मुलगी म्हणाली होती त्या दोन कंपन्यांपैकी..."

"नाव खोक्यावर छापता येतं. वजन छापता येत नाही."

मी गेलो. दाढीवाल्याने तीन खोकी काढली. मी एकेक ताणकाट्याला अडकवलं. भाचीने सांगितलेल्या कंपनीचा दीड किलोच्या आसपास भरला. तिसरा, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, दोन किलोच्या वर गेला. आणि किंमत कमी. दाढीवाला म्हणाला, "वजन बघूनच घ्या काका. तुमच्याबरोबरचे ते काका बरोबर सांगतात." मी जड तो घेतला. मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. वाटलं, माझ्या हातून एक काम चोख झालं.

जोडणी साडूभाऊंनी घरीच केली. डावा पाय उशीवर, उशी स्टुलावर, आणि मांडीवर पाट. भाची फोनच्या पडद्यावरून सांगत होती, हे करत होते. दुपारचे चार तास ते एकदाही उठले नाहीत. ताई स्वयंपाकघरातून येऊन येऊन बघून जायची. पहिल्यांदा पंखे फिरले आणि पडद्यावर उजेड आला तेव्हा तिने कॅलेंडरकडे बघितलं. त्या दिवसाच्या चौकटीत एकही रेघ नव्हती.

गेम त्यांनी ट्रक चालवायचा घेतला. एका गावाहून माल भरायचा, दुसऱ्या गावाला उतरवायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं झाली आणि यंत्र फट्कन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा वीस मिनिटांनी बंद. गाणी लावली, पत्र टाइप केलं, तर दिवसभर चालायचं. ट्रक रस्त्याला लागला, गर्दी आली, की बंद. आणि बंद पडलं की साडूभाऊ उठायला बघायचे. ताई तिथे असली तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवायची. पण ती किती वेळ असणार?

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांनी पॉवर सप्लाय काढून पाटावर ठेवला होता. म्हणाले, कालपासून वायर काढून ठेवलाय, आत वीज साठते ती जाऊ द्यावी लागते. चार स्क्रू काढून त्यांनी झाकण उचललं. आत बघितलं. मग चिमट्याने नाही, बोटांनी, तळाशी चाचपलं. ती सवय जुनी होती. तळाला एक लोखंडी पट्टी होती, काळा रंग दिलेली, दोन स्क्रूंनी बसवलेली. तिला एकही वायर जोडलेली नव्हती. पट्टी त्यांनी काढली आणि ताणकाट्याला अडकवली.

"सातशे वीस," ते म्हणाले.

मी विचारलं, "कशासाठी असते ती?"

"माझ्यासाठी."

मला वाटलं हसतील, विनोद करतील. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पारड्याखालचं शिसं ज्याने खरवडून काढलं, त्याच्या घरात सातशे वीस ग्रॅम लोखंड आलं होतं, आणि ते आणणारा मी होतो. मी म्हणालो, "चूक माझी आहे." त्यांनी ऐकलं नाही. कुबड्या बघितल्या नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, पाय उशीवरून खाली घेतला आणि उभे राहिले. दोन्ही पायांवर.

"कुठे?"

"त्याच्याकडे. त्याच्या काउंटरवर ठेवतो ही, आणि विचारतो, ही कुठल्या कामाची."

ताई बाजारात गेली होती. घरात मी एकटा. ते दाराकडे निघाले, एक पाऊल, दुसरं. बँडेज फरशीला लागत होतं आणि मला जिन्यावरचा तो ठसा दिसायला लागला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"बस खाली," मी म्हणालो.

एकतीस वर्षं मी त्यांना अहो-जाहो केलं होतं. ते वयाने मोठे, नात्याने मोठे. ते तिथेच थांबले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की जणू खुर्ची बोलली.

"काय म्हणालात?"

"बसा. मी जातो. पट्टी मला द्या. तुम्ही आणखी एक पाऊल टाकलंत तर मी ताईला सांगेन की सहाव्या फेरीला रक्त येत होतं ते मी बघितलं होतं आणि बोललो नाही. मग ती आपल्या दोघांनाही घरात घेणार नाही."

ते मागे सरकत सरकत खुर्चीत बसले आणि पाय उचलून स्वतःच उशीवर ठेवला.

"तुम्हाला जमेल का भांडायला?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, काळजीच होती.

"नाही जमणार," मी म्हणालो आणि पट्टी व तो सप्लाय पिशवीत घालून निघालो.

मला भांडायला जमलं नाहीच. दाढीवाला म्हणाला, "काका, वजन बघून तुम्हीच निवडलात. मी कुठे म्हणालो आत काय आहे?" उत्तरं मला घरी गेल्यावर सुचतात. मी दुकानातल्या खुर्चीवर बसलो, मांडीवर रुमाल अंथरला आणि त्यावर ती पट्टी ठेवली. बस, एवढंच. तो म्हणाला, "बसून काय होणार?" मी म्हणालो, "काही नाही." गिऱ्हाईक यायचं, माझ्या मांडीकडे बघायचं. एखादा विचारायचा, "हे काय आहे हो?" मी खालच्या आवाजात सांगायचो, "पॉवर सप्लायमधून निघालं. सातशे वीस ग्रॅम आहे." तेवढंच. दोघं काही न घेता गेले. एका बाईंनी आपल्या हातातलं खोकं कानाशी धरून हलवून बघितलं.

अडीच तासांनी दाढीवाल्याने भाचीने सांगितलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणून माझ्यापुढे ठेवला. "घ्या. वरचा फरक द्या आणि ती पट्टी इथेच ठेवून जा." फरक मी माझ्या खिशातून दिला आणि साडूभाऊंना सांगितलं नाही. पट्टीही तिथेच ठेवली.

नवा सप्लाय त्यांनी हातात घेतला, ताणकाट्याला अडकवला नाही. "हलका वाटतोय," म्हणाले आणि बसवून टाकला.

त्यानंतर ते बसले. शांत बसले असं कुणी समजू नये. ट्रकमध्येही त्यांना चैन नसे. रस्त्यात एक वजनकाटा लागायचा, तिथे थांबून ते ट्रक पुन्हा पुन्हा काट्यावर घ्यायचे आणि ओरडायचे, "हा काटा खोटा आहे. भरलेला आणि रिकामा, दोन्हीला एकच आकडा दाखवतो. साडू, ह्यांना पत्र लिहायला पाहिजे." माल वेळेवर कधी पोचायचा नाही, कारण मध्येच दुसराच रस्ता कुठे जातो ते बघायला हे वळायचे. हात सतत हलते, मान हलती, तोंडाचा पट्टा चालू. पाय मात्र उशीवर. जावईबापू वरून खाली येऊन त्यांना गाडी मागे घ्यायला शिकवून गेले. त्यांच्या सासूबाई आता दोन घरांची गाऱ्हाणी करू लागल्या.

आमची ही एकदा म्हणाली, "एवढी माणसं एका माणसाला बसवायला लागली." ताई म्हणाली, "बसला ना पण?"

जखम ते स्वतः कॅलिपरने मोजायचे आणि कॅलेंडरवर मिलिमीटरमध्ये लिहायचे. बावीस. एकोणीस. एकोणीस. सतरा. एकदा एकवीस झाली, तेव्हा त्यांनी दोन दिवस ट्रकही बाहेर काढला नाही. मग चौदा, नऊ, चार. बोटं काढल्याला चौथा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी खास बूट दिला आणि घरातल्या घरात चालायची परवानगी दिली. साडूभाऊ म्हणाले, "किती किलो टाकू?" डॉक्टर म्हणाले, "सगळे टाका." मग मात्र साडूभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे सहा आठवड्यांनी ते गेले. हृदय बंद पडलं, दुपारी, खाटेवर. पायाचा त्यात काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी ताईला मुद्दाम सांगितलं की पाय पूर्ण भरला होता. ताई म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी रोज बघत होते."

त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो. काही विशेष काम नव्हतं. ते ट्रक घेऊन कुठल्यातरी डोंगरातून चालले होते, मी शेजारी बसून वर्तमानपत्र चाळत होतो. तासाभराने मी उठलो.

"निघालात?"

"हो. हिचं औषध घ्यायचंय वाटेत."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

"उठू नका," मी म्हणालो.

"पाय बरा झालाय, साडू. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तरी बसा."

पडद्यावर वळण आलं होतं. त्यांनी तिकडे बघितलं.

"बसतो. दार तेवढं लोटून घ्या."

"घेतो," मी म्हणालो.